मधली पिन

बाराही दिवे एकदम गेले. मी दिव्यांच्या बोर्डावर होते, प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेच्या मागे. तुम्ही रंगमंचाच्या खाली, विजेच्या पेटीपाशी. नाटकात काम करणारी सुमन आठ फुटी चौथऱ्यावर उभी होती आणि तिला पायऱ्या उतरून खाली यायचं होतं. बोर्डावरची चौथी पट्टी हळूहळू वर सरकवली की पायऱ्यांवर उजेड यायचा. मी पट्टी सरकवली आणि होता तोही उजेड गेला. मग आवाज आला. आधी लाकडाचा, मग माणसाचा.

दुपारचे चार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन आणि आत स्वतःचा हात दिसेना. समोर बसलेल्या सगळ्या बायका. त्यांना वाटलं नाटकातच आहे. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी दोन्ही हातांनी बाराही पट्ट्या पूर्ण वर ढकलल्या. त्याचा उपयोग नव्हता, तारेतून काही जातच नव्हतं, तरी ढकलल्या. नऊ आकडे मोजले. नवव्याला तुम्ही खाली प्लग ओढून पुन्हा बसवला आणि उजेड आला. पट्ट्या वर होत्या म्हणून आला तो सगळाच्या सगळा आला. सुमन पायऱ्यांच्या बाजूला पडली होती, एक पाय अंगाखाली, आणि बारा दिवे तिच्यावर. तेव्हा टाळ्या थांबल्या.

तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. लोक येतात, तुमचं चांगलं बोलतात, चहा पितात, जातात. कोणी म्हणतं, दामूभाऊंसारखा लाइटवाला नागपुरात झाला नाही. झालाही असेल, मला काय माहीत. मी दुसऱ्या कोणाचं काम जवळून पाहिलं नाही. बापूरावांच्या नाटक मंडळीतले जुने लोक तुमच्यावर एक लहान पुस्तिका काढणार आहेत. त्यात मीही लिहावं म्हणतात. मी चौथी शिकलेली, दुसऱ्याकडून लिहून घ्या म्हटलं. मग वाटलं, दुसरा लिहील तर तुम्ही सगळ्यांना जे सांगितलं तेच लिहील. ते खरं नाही. म्हणून मीच बसले. बसले म्हणते, पण एवढं लिहीपर्यंत तीनदा उठले. एकदा शेगडी पाहिली, एकदा दाराची कडी, एकदा पलंगाखालची तार. तार तिथंच आहे. ती कुठं जाणार.

आपण पाण्यावर दिवे चालवायचो हे सांगितलं तर आता कोणाला खरं वाटत नाही. चिनी मातीच्या बरण्या, लोणच्याच्या असतात त्या. तळाला तांब्याची पत्री, वरून दोरीला बांधलेली दुसरी पत्री, मध्ये मिठाचं पाणी. वरची पत्री खाली सोडली की दिवा वाढायचा, वर ओढली की उतरायचा. सहा बरण्या, सहा दोऱ्या. तुम्ही दोऱ्या ओढायचे आणि मीठ मी घालायची. कमी पडलं तर दिवा मरतुकडा, जास्त झालं तर पाणी उकळायचं. सावनेरला एकदा माझ्या हातून जास्त पडलं आणि राजाचा दरबार भरला असताना पडद्याच्या कडेनं वाफ निघायला लागली. लोकांना वाटलं देव प्रकट होऊन राहिला. तुम्ही दोरी हातात धरून माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "अवं, दिवा लाव म्हटलं होतं, भात नाही." राजाचं काम करणाऱ्याला हसू आवरलं नाही. त्या प्रयोगाचं नाव मला आठवत नाही, पण तुमचं ते तोंड आठवतं.

बरण्यांची पूजा व्हायची. तुमचे वडील लग्नात गॅसबत्त्या लावायचे तेव्हापासूनची रीत. पहिल्या घंटेच्या आधी प्रत्येक बरणीला हळद-कुंकू, मग नारळ, आणि नारळाच्या पाण्याचे चार थेंब प्रत्येक बरणीत. पूजा झाल्यावरच तुम्ही तार जोडायचे. आधी कधी जोडली नाही. तुमचा देवावर किती विश्वास होता हे मला पंचेचाळीस वर्षांत कळलं नाही, पण या क्रमावर होता. पूजा बाईच्या हातची, जोडणी तुमच्या हातची. बरण्यांना त्यानं काही झालं नाही. जिथं पाण्यावरच दिवा चालतो तिथं आणखी चार थेंबांनी काय होणार?

मग तुम्ही दिवे कमीजास्त करायचं ते नवं यंत्र केलं. टपालानं हिंदीतली पुस्तकं मागवली, दोन वर्षं रोज संध्याकाळी डोळे फोडले आणि केलं. पेटी रंगमंचाखाली, बोर्ड प्रेक्षकांच्या मागे, म्हणजे दिवे लावणाऱ्याला नाटक समोरून दिसावं. मध्ये नव्वद फूट तार, आणि तिच्या पोटात पंधरा बारीक तारा. पेटीला ती जोडायला तुम्ही कामठीच्या भंगारातून एक गोल प्लग आणला, लष्कराच्या कुठल्या तरी जुन्या वायरलेसचा. पितळेच्या पंधरा पिना. चौदा भोवती गोल, एक मध्ये. सोनार नथ दाखवतो तसा तुम्ही तो मला हातावर ठेवून दाखवला होता.

तुम्ही मला शिकवलं ते मी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बारा दिव्यांचे हुकूम बारा तारांनी जातात, दोन तारा रिकाम्या, आणि सगळे परत येतात ते एकाच तारेनं. तिची पिन मधली. एक दिवा गेला तर त्याची तार पाहायची. सगळे एकदम गेले तर मधली.

पेटीपाशी तुम्हीच हवे होतात, ती गरम झाली की फक्त तुम्हाला कळायचं. मग बोर्डावर कोण? तुम्ही मला बसवलं. बापूराव नाटक मंडळीचे मालक, त्यांना ते पटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात की हिला अख्खं नाटक पाठ आहे, नटांना नाही तेवढं. ते खरं होतं. मी वहीत लिहायची, "सुमन वर, चार हळू," "म्हातारा खोकला, सात बंद." बोर्डावरची ती दोन वर्षं मला आवडली. हे तुम्हाला माहीत होतं, पण मी बोलून दाखवलं नव्हतं.

पहिल्यांदा दिवे गेले ते कळमेश्वरला. डोळा मिटून उघडावा एवढंच. लोकांना वाटलं वीज कंपनीचं काम. दुसऱ्यांदा सावनेरला, आणि तेव्हा बाहेर चौकातले दिवे चालू होते. म्हणजे दोष आपल्यात होता. आणि दोन्ही वेळा बाराच्या बारा गेले. म्हणजे मधली.

त्यानंतर आपल्या घराला चैन नव्हती. जुनी शुक्रवारीतलं आपलं दोन खोल्यांचं घर आणि मागचं अंगण. तुम्ही तार अंगणातून, छपराच्या कवेलूंवरून, संडासाच्या भिंतीवरून फिरवून आणायचे, पेटीला बारा बल्ब लावायचे आणि मला बोर्डापाशी बसवायचे. मग एकेक वीत तार हातानं वाकवत जायचे. "गेला का?" "नाही." "आता?" "नाही." नव्वद फूट. जेवायला उठलो की अर्ध्या घासावर तुम्ही पुन्हा जायचे. शेजारणी भिंतीवरून पाहायच्या की दामूभाऊ तारेची मालीश काहून करून राहिले. घरी दिवे कधी गेले नाहीत. एकदाही नाही. तुम्ही प्लग दहा वेळा काढायचे, दहा वेळा घालायचे, बल्ब जसेच्या तसे. याच्यानंच तुम्हाला वेड लागायची पाळी आली होती. खेळाला जाणार आणि घरी येणार नाही असा हा काय दोष?

आपलं भांडण तेव्हाचं. प्रयोग संपला की मी तार कोपरापासून अंगठ्याभोवती गुंडाळायची. तुम्ही म्हणालात त्यानं आतली बारीक तार पिळून तुटते. "अवं, तार आहे ते, वाळत घालायची दोरी नोहे." मी म्हटलं, "मग तुमचे डाख पाहा आधी. माझा हात दिसते तुम्हाले, तुमचे डोळे जाऊन राहिले ते नाही दिसत." तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळे डाख, म्हणजे तारांचे कथलाचे सांधे, उकरून नवे लावलेत, आणि मी तार जमिनीवर मोठ्या वेटोळ्यात गुंडाळायला शिकले. रिकाम्या दोन ताराही तुम्ही परतीच्या तारेला जोडून दिल्यात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. पण प्लगात तिन्ही येऊन बसायच्या त्या एकाच पिनेवर. मधल्या.

मग तो संक्रांतीचा प्रयोग. एका महिला मंडळानं हळदीकुंकवाच्या निमित्तानं फक्त बायकांसाठी दुपारी ठेवलेला. बोर्डावर बाई बसते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. प्रयोगाच्या आधी मी पूजेसाठी पेटीपाशी होते, तिथं रंगमंचाखाली पाच जणी मला पाहायला आल्या, पैठण्या सावरत, डोकी वाकवत. एकीनं विचारलं, एवढ्या दिव्यांचं लक्षात कसं राहतं. मी म्हटलं, तुमच्या चुलीवर चार भांडी असतात तेव्हा कसं राहतं. हसल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. आयुष्यात मला पाहायला म्हणून कोणी आलं नव्हतं, मुलगी दाखवायच्या दिवशीही सासऱ्यांचं अर्धं लक्ष पोह्यांत होतं.

मी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, पेटीला हळद-कुंकू लावलं आणि प्लगला लावलं. प्लग उघडा पडलेला असायचा, कारण जोडायचा पूजेनंतर. पिनांचं तोंड वर. माणसाच्या कपाळाला लावतो तसं बोट मध्ये टेकायचं. दुसरीकडे कुठं टेकेल? मी दर प्रयोगाला तिथंच टेकवलं होतं. आणि त्या दिवशी त्या बायकांना म्हटलं, "लावा न. याले काहून सोडता, सगळा खेळ याच्यावरच हाय." एकेकीनं लावलं. कुंकू ओलं होतं, बोटं नारळाच्या पाण्यात भिजलेली. तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्ही कधी पूजेत बोलत नव्हता, तेव्हाही बोलला नाहीत. मग तुम्ही प्लग उचललात आणि जोडलात.

पुढचं वर लिहिलंच आहे.

सुमन तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. तोवर तिची आई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होती आणि तुम्ही तिच्यापासून दहा हात लांब, उभे. बसा म्हटलं तर बसला नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं जगेल, पाय आखूड राहील. तेव्हा तुम्ही घरी आलात, सदरा काढलात आणि खिशातला रुमाल मोरीत टाकलात.

तो लाल होता. मला वाटलं सुमनचं रक्त. रक्ताला थंड पाणी लागतं म्हणून मी तो थंड पाण्यात घातला. पाणी लाल झालं नाही. मग साबण लावला. रुमालाच्या कडेला पिवळं होतं ते साबण लागताच लाल भडक झालं. हळद साबणानं लाल होते हे मला कोणी सांगायला नको. आणि मधोमध एक हिरवट काळा डाग, पितळी भांड्यात ताक कळकलं की निघतो तसा. मी मोरीतच बसून राहिले. नळ वाहत होता.

मग उठून प्लग पाहिला. मी मोरीत होते तेवढ्यात तुम्ही तो चकचकीत केला होता. माझ्या डब्यातली चिंच कमी झाली होती. पिनांच्या मुळाशी मात्र अजून थोडं लाल होतं. तेव्हा मला सगळं एका ओळीत दिसलं. घरी आपण पूजा करत नव्हतो. घरी दहा वेळा काढ-घाल केली की पिना घासून आपोआप साफ व्हायच्या. खेळाला मी दर वेळी नव्यानं ओलं कुंकू मधल्या पिनेला लावायची, वर तुम्ही लगेच जोडायचे, आत पितळ कळकत राहायचं आणि नटांनी पाय आपटले की धरलेली जागा सुटायची. आणि त्या दिवशी तर पाच बोटं जास्तीची.

मी तुम्हाला सांगणार होते. शपथेवर लिहिते, त्याच संध्याकाळी सांगणार होते. पण बापूराव आले. दारातूनच म्हणाले, "दामूभाऊ, बोर्डावर तुमची मंडळी होती न? बाईच्या हाती बोर्ड देल्ला तेव्हाच म्हटलं होतं मी."

तुम्ही तार आणून त्यांच्या पुढ्यात टाकलीत. वरची साल एका जागी सोललेली आणि आतली एक तार तुटलेली. "बोर्डाचा काही संबंध नाही," तुम्ही म्हणालात. "तार तुटली. तार माझी, डाख माझा. मीच पाहिलं नाही."

बापूरावांनी तुटलेली तार पाहिली. त्यांना काय कळणार. मला कळलं. पिळून तुटलेली तार आतून काळी पडलेली असते आणि तिची टोकं वाकडीतिकडी असतात. ही तार कापायच्या चिमट्यानं कापलेली होती, ताजी, चमकत होती.

त्या मंडळीनं आपल्याला पुन्हा बोलावलं नाही. तुम्ही लग्नांच्या रोषणाया केल्यात, दुसऱ्या दोन मंडळ्यांचे खेळ केलेत, आणि मी बोर्डावर पुन्हा बसले नाही. तुम्ही बस म्हणाला नाहीत असं नाही. मीच नको म्हटलं. पुढच्या खेळाच्या वेळी मी पूजेचं ताट घेऊन पेटीकडे निघाले तर तुम्ही पाठ फिरवूनच म्हणालात, "नारळ पायरीवर फोड. अन् ताट तिकडंच राहू दे." प्लग तेव्हा आधीच जोडलेला होता. वडिलांपासूनचा क्रम तुम्ही मोडला आणि कारण सांगितलं नाहीत. सगळ्या गोष्टींना काहून विचारणारी मी, तेव्हा विचारलं नाही. नारळ पायरीवर फोडला.

तेव्हापासून सात वर्षं तुम्हाला ठाऊक की मला ठाऊक आहे. मला ठाऊक की तुम्हाला ठाऊक आहे. आणि दोघंही गप्प. दिवे त्यानंतर एकदाही गेले नाहीत.

मी पुन्हा उठून आले. तार बाहेर काढली, पुन्हा आत सरकवली. तिच्यावर तुमची ती कापलेली जागा अजून आहे, वर काळी चिकटपट्टी. तुम्ही ती कधी दुरुस्त केली नाहीत. तीन तारांपैकी दोन शाबूत होत्या, काम चालत होतं, असं तुम्ही म्हणाला असतात.

मला तुमचा राग आहे. लोक म्हणतील केवढा माणूस, बायकोची चूक अंगावर घेतली. घेतली खरी. पण मला विचारलंत का? चूक माझी होती. तुम्ही तार चिमट्यानं कापून ती चूक माझ्या डोळ्यांसमोर स्वतःच्या नावावर लावलीत, जसं काही मी खांबाला आपटलेलं पोर आणि तुम्ही खांबाला मारून माझं रडं थांबवणार. लोकांनी मला बोल लावला असता, तो मी ऐकला असता. बाईनं बोर्ड चालवला म्हणून झालं असं म्हणाले असते, तर मी म्हटलं असतं, बोर्डानं नाही, कुंकवानं. हे तरी मला बोलू द्यायचं होतं. तुम्ही ते बोलायची जागाच ठेवली नाही. आणि मग मीही सोईचं पाहिलं. सात वर्षं. राग आहे तो निम्मा माझ्यावर.

आता मला हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नाही. त्याचं मी काही लिहीत नाही.

तेराव्याला सुमन आली. तुम्हाला आवडायचा तसा झुणका केला होता, तिखट कमी पडलं. ती आता कळमन्याला राहते, नवरा धान्याच्या बाजारात तोलाईवर आहे. पंगत उठली, लोक गेले, ती राहिली. मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसली, आखूड पाय पुढे करून. मग म्हणाली, "काकू, काका दर संक्रांतीले यायचे."

मला हे माहीत नव्हतं. दर संक्रांतीला दुपारी तुम्ही सीताबर्डीला तार पाहायला जातो म्हणून निघायचे. मी तिला विचारलं, काय म्हणायचे. "काही नाही. पाय कसा आहे म्हणायचे. तिळाचा लाडू खायचे अन् जायचे. एकदा लेकीचं रडकं खेळणं दुरुस्त करून देल्लं."

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. रुमाल, चिंच, चिमटा, पाच बायका, मधली पिन. ती पडली ती माझ्या हातानं पडली, काकांची तार तुटली नव्हती. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हते, संडासाच्या भिंतीकडे पाहत होते, तिथं तार अडकवायचा खिळा अजून आहे. वाटलं होतं आता ती उठून जाईल, किंवा रडेल. मला बरं वाटेल असंही वाटलं होतं. सात वर्षांचं ओझं खाली ठेवल्यावर जसं वाटतं तसं.

तिनं आखूड पाय हातानं जवळ ओढला. मग म्हणाली, "मीबी लावलं होतं, काकू."

"काय?"

"कुंकू. त्या गोल प्लगले. त्या बायका गेल्या अन् मी पाया पडाले खाली आली होती, मेकअप करून. तुम्हीच म्हटलं, ये वं सुमन, तू काहून दूर उभी. मी बोट ओलं केलं अन् मध्ये टेकवलं. काका तिथंच होते. ते म्हणाले, चाल आता, घंटा होऊन राहिली."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पाच बायका मला साडीच्या काठांसकट आठवतात. सहावी आठवत नाही. पण तुम्ही तिथं उभे होतात. तुम्ही पाहिलं होतं. शेवटचं बोट कोणाचं पडलं हे तुम्हाला माहीत होतं, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन दिवस उभं राहून तुम्ही बहुतेक तेच ठरवत होतात. मी त्या मोरीत बसून माझ्यापुरतं समजले होते की तुम्ही माझ्यासाठी गप्प आहात. तो गप्पपणा आम्हा दोघींसाठी होता. मी बोलले असते तर शेवटचं बोट आपलंच होतं हे सुमनला कळलं असतं. सात वर्षं तुम्ही जे झाकलंत ते मी तेराव्याला, जेवण झाल्यावर, अंगणात बसून तिच्या पदरात टाकलं.

मी तिला म्हटलं, मला माफ कर, मी बोलायला नको होतं. ती आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत होती. "काका बोलले नाही ते बरं झालं," ती म्हणाली. "लेकरू लहान होतं माझं तेव्हा, मी येडी झाली असती." मग थोड्या वेळानं, "अन् तुम्ही बोलल्या तेबी बरंच झालं." मी विचारलं, दोन्ही एकदम कसं बरं असेल. ती झुणक्यात तिखट कमी होतं म्हणाली.

जाताना तिनं तो प्लग पाहायला मागितला. मी पलंगाखालून काढून दिला. तिनं तो हातावर घेऊन उजेडात धरला, पिना मोजल्या, मधल्या पिनेवर अंगठा फिरवला आणि परत दिला. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. पायरी उतरताना तिनं माझा खांदा धरला. पायरी एकच आहे, तरी धरला.

तुमच्याशी भांडण राहिलंय. तुम्ही बरोबर होतात असं मी लिहिणार नाही, कारण तुम्ही मला विचारलं नव्हतं. तुम्ही चुकलात असंही आता लिहिता येत नाही. पुस्तिकेवाल्यांनी हे छापावं किंवा छापू नये. सुमनला विचारलं, तिनं छापा म्हटलं आहे. तुमची तार तुटली नव्हती, एवढं तरी त्यात यावं.

त्या दुपारी अंधारात आपण तिघं होतो. तुम्ही खाली, सुमन वर, मी मागे. तिघंही त्यातून जिवंत निघालो. तुम्ही त्यानंतर सात वर्षं जगलात. सुमन आणि मी अजून आहोत.